थंडीत न गोठलेलं खोबरेल

घरातली केमिकलं एकदम नाही, हळूहळू कमी करायची असं ठरवलं होतं. आधी भांड्यांना रिठ्याचं पाणी, मग केसांना शिकेकाई. दोन्ही नागपूरच्या इतवारी बाजारातून सुटं आणायचे, उन्हात वाळवून मिक्सरमधून काढायचे. इथवर फसायला वावच नव्हता, कारण रिठा हातात रिठाच दिसतो. फसले ती तेलात.

दिवाळीच्या आधी सोसायटीच्या गेटजवळ एकानं स्टॉल लावला. लाकडी घाण्याचं खोबरेल, लिटरला 280 रुपये, डोक्यालाही चालतं, फोडणीलाही. चार बाटल्यांचे पैसे आधी दिले तर पाचवी फुकट, दर महिन्याला एक घरपोच. मी 1,120 रुपये तिथंच फोनवरून पाठवले. सासूबाई म्हणाल्या, "वास जरा जास्तच नाही का येऊन राहिला?" मला वाटलं, ताजं आहे म्हणून.

डिसेंबरात पारा अकरावर आला. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं, म्हणजे नागपूरच्या हिवाळ्यात बाटली उलटी केली तरी थेंब पडायला नको. आई तर बाटली उन्हात ठेवून मगच केसांना तेल लावायची. आमची बाटली मात्र खिडकीत रात्रभर राहूनही पाण्यासारखी खळखळत होती.

फोन केला. तो हसला. "ताई, शुद्ध तेल गोठतच नाही, भेसळीचं गोठते!"

इतक्या ठामपणे बोलला की क्षणभर पटलंही. हीच माणसं मास्तर व्हायला हवी होती.

मग इतवारीत खोबऱ्याच्या वाट्यांचा भाव विचारला. एक लिटर तेलाला दीड किलोच्या वर सुकं खोबरं लागतं, आणि तेवढ्या खोबऱ्याचेच पैसे त्याच्या बाटलीपेक्षा जास्त होत होते. घाण्याची मजुरी वेगळीच. हा हिशेब मी आधी का केला नाही, याचा राग अजून जात नाही. लिक्विड पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं पातळ तेल, भरपूर मिसळलं तर खोबरेल असंच थंडीतही वाहतं. गोठलं म्हणजे शुद्धच, असंही नाही बरं का. पामच्या बियांचं, म्हणजे पाम कर्नल तेलही गोठतं. पण घाण्याचं म्हणून घेतलेलं खोबरेल कडाक्याच्या थंडीत पातळ राहिलं, तर ते नक्की निव्वळ नाही.

लेबल तेव्हा कुठं नीट वाचलं. खायच्या तेलावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना नंबर हवा. यावर तेराच आकडे. बॅच नंबर नाही, पत्ता नाही, नुसतं नारळाचं चित्र.

दुसऱ्यांदा फोन केला तर बंद. पुढच्या तीन बाटल्या आल्या नाहीत, फुकटची तर नाहीच. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. पण ना पावती, ना पत्ता, हाती फक्त पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट. समोरच्या काकूंनी सहा बाटल्यांचे दिलेत आणि त्या घरी अजून सांगून नाही राहिल्या.

उरलेलं तेल मी गेटच्या बिजागरीला घालते.