लहान मेंदूच्या आजारासाठी योग्य व्यायाम : विश्रामबागेतील एका फिजिओथेरपी केंद्राविषयी

लहान मेंदूच्या आजारामुळे हालचालींचा ताळमेळ बिघडणे म्हणजे ॲटॅक्सिया. अशा रुग्णाला नेमके काय हवे असते, याची पक्की जाण असलेले फिजिओथेरपी केंद्र सांगलीत विश्रामबाग भागात आम्हाला मिळाले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, मार्केट यार्डातील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. लहान मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यापासून त्यांची चाल झोकांड्या खाऊ लागली, उभे राहायचे तरी पाय फाकवावे लागू लागले आणि खतावणीतले त्यांचे वळणदार अक्षर कोणाला लागेनासे झाले.

आधी आम्ही जिथे जात होतो, तिथे अर्धांगवायूच्या रुग्णाप्रमाणे शेक, करंट आणि ताकद वाढवण्याचे व्यायाम दिले जात. वास्तविक अण्णांची पकड पहिल्याइतकीच घट्ट होती. ताकद शाबूत होती, चुकत होता तो नेम. हा फरक या केंद्रातील मॅडमनी पहिल्याच भेटीत आम्हाला डोळ्यांनी दाखवला. त्यांनी अण्णांना आळीपाळीने स्वतःच्या नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला स्पर्श करायला सांगितले, तेव्हा अण्णांचे बोट अर्ध्या वाटेपर्यंत बऱ्यापैकी सरळ जाई, पण लक्ष्य जवळ आले की थरथर वाढे आणि बोट बाजूला निसटे. मांडीवर ठेवलेला हात मात्र अगदी स्वस्थ होता. पार्किन्सनच्या कंपात बहुधा याच्या उलट दिसते. पुढे तळहात भराभर उलटसुलट करणे, टाचेला बोटे लावत एका रेषेत चालणे, बसून तोल राखणे अशा तपासण्या झाल्या आणि ‘सारा’ नावाच्या मापनपद्धतीनुसार गुण मांडले गेले. यात आठ कसोट्या असतात, एकूण गुण 0 ते 40 असतात आणि गुण जितके अधिक तितका त्रास अधिक.

हालचालीची आज्ञा मोठा मेंदू देतो. तिची वर्दी आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी खबर लहान मेंदूत एकत्र येते, आणि दोन्हींत तफावत दिसली की तो हालचालीचा वेग, जोर व दिशा दुरुस्त करतो, असे मॅडमनी समजावले. मेंदूच्या आकारमानात सुमारे दहावा हिस्सा असलेल्या या भागात मेंदूतील निम्म्याहून अधिक चेतापेशी आहेत. मोठ्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली तर डावे अंग दुबळे होते, पण लहान मेंदूच्या उजव्या भागाची इजा उजव्याच हातापायांत उमटते, हेही आम्हाला तिथेच कळले. दारूचा परिणामही लहान मेंदूवर होत असल्याने चाल तशीच दिसते. आयुष्यात दारूला न शिवलेल्या अण्णांना बाजारात याचा किती मनस्ताप झाला, हे आम्ही पाहिले आहे.

व्यायामांची आखणी हीच या केंद्राची खरी जमेची बाजू आहे. फरशीवर रंगवलेल्या पावलांवर पाय ठेवत चालणे, मध्येच थांबून वळणे, हात-गुडघ्यांवर येऊन एक हात आणि विरुद्ध पाय उचलून धरणे, तोल जाऊ लागताच पाऊल टाकून सावरणे, हे सारे कंबरेला पट्टा बांधून आणि शेजारी माणूस उभा ठेवून करवून घेतात. चहाचा कप उचलताना कोपर टेबलावर टेकवायचे, म्हणजे एका वेळी कमी सांधे हलतात आणि चहा कमी सांडतो, ही युक्ती अण्णांना फार उपयोगी पडली. मनगटाला वजनाचा पट्टा बांधला की थरथर कमी दिसते, परंतु तो काढल्यावर ती पुन्हा वाढू शकते, म्हणून मॅडमनी त्याची सवय लावली नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

त्या खोटी आशाही लावत नाहीत. अण्णांसारख्या रुग्णात उरलेला मेंदू बरेच काम शिकून घेऊ शकतो, पण फ्रीडराइश ॲटॅक्सियासारख्या आनुवंशिक आजारात व्यायामाने चालणे सुधारले तरी मूळ आजार थांबत नाही, असे त्या स्पष्ट सांगतात. थायरॉइडचे विकार, काही जीवनसत्त्वांची कमतरता किंवा फिटच्या फेनिटॉइनसारख्या गोळीचे वाढलेले प्रमाण यांमुळेही तोल जाऊ शकतो आणि त्यावर वेळीच उपचार करता येतात. म्हणून न्यूरॉलॉजिस्टची तपासणी झाल्याशिवाय त्या व्यायाम सुरू करत नाहीत.

उणिवा मात्र गंभीर आहेत. तोल जाणाऱ्या माणसांसाठीचे हे केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे आणि स्वच्छतागृहात धरायला दांडी नाही. दांडी बसवण्याचा खर्च फारसा नसतो, तेव्हा हे काम तातडीने व्हावे. अडखळत, तुटक होणाऱ्या उच्चारांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञ इथे नसल्याने आम्हाला त्यासाठी वेगळे मिरजेला जावे लागते. जाताना एमआरआय, रक्ताचे अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी, रुग्णाच्या पायात टाचेला पट्टा असलेली सपाट पादत्राणे असावीत आणि शक्यतो सकाळची वेळ मागावी, कारण थकवा आला की तोल आणखी बिघडतो.