नऊ महिने विनलिंक: इंटरनेट नसताना रेडिओवरून ईमेल

कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या डोंगरात फेल्टन नावाचं छोटं गाव आहे, तिथे आम्ही राहतो. रेडवुडची उंच झाडं, वळणावळणाचे अरुंद रस्ते, आणि जरा वारा सुटला की विजेच्या तारांवर पडणाऱ्या फांद्या. वीज गेली की घरचं इंटरनेट त्याच क्षणी जातं आणि मोबाईलवर उरलेली एखादी दांडी सगळं गाव एकदम वापरायला घेतं. आम्ही २०२१ मध्ये इथे आलो, तेव्हा ऑगस्ट २०२० च्या सीझेडयू नावाच्या वणव्याच्या आठवणी शेजाऱ्यांच्या तोंडी अजून ताज्या होत्या. लोकांना घरं सोडून जावं लागलं होतं. १७ ऑक्टोबर १९८९ चा लोमा प्रिएटाचा ६.९ तीव्रतेचा भूकंप, त्याचं केंद्रही याच डोंगररांगेत.

मी मूळची लातूरची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. आमचं घर लातूर शहरात, ते शाबूत राहिलं. पण मुंबईच्या काकांना आम्ही सुखरूप आहोत एवढं कळायला तिसरा दिवस उजाडला. फोन लागत नव्हते. काकू अजूनही सांगते, दोन रात्री काकांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. मला रेडिओवरून फोटो पाठवायचे नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत. 'आम्ही ठीक आहोत' हे तीन शब्द घराबाहेर पोचले पाहिजेत, बस्स. विनलिंक मी याच मापाने मोजते आहे.

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायचा रेडिओ, माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. तुमचा लॅपटॉप आणि रेडिओ केबलने जोडलेले असतात. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर मजकूर दाबून बारीक करतं, त्याचे आवाजात रूपांतर करून रेडिओला देतं. दूर कुठेतरी, जिथे वीज आणि इंटरनेट चालू आहे, अशा ठिकाणी एखाद्या हॅमने स्वतःच्या घरी गेटवे लावलेला असतो. तो तुमचा निरोप घेतो आणि विनलिंकच्या सर्व्हरकडे देतो, तिथून पुढे तो साध्या ईमेलसारखा जातो. पत्ता म्हणजे तुमचा कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं रेडिओवरचं नाव) आणि पुढे विनलिंक डॉट ऑर्ग. हा सगळा पसारा अमेरिकेतली एक ना-नफा संस्था स्वयंसेवकांच्या जोरावर चालवते. गेटवे चालवणारी माणसं आपल्या खिशातून वीजबिल भरतात. मी ज्या गेटवेवर सगळ्यात जास्त विसंबते तो साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. त्या गृहस्थांना मी पाहिलेलं नाही, पण दिवाळीत त्यांना आभाराचा निरोप पाठवला, त्यांच्याच गेटवेवरून.

परवान्याचं आधी सांगते, कारण तिथेच बरेच जण अडतात. अमेरिकेत पहिली पायरी टेक्निशियन, ३५ प्रश्नांपैकी २६ बरोबर आले की झालं. पण शॉर्टवेव्हच्या बँडवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या लहरींच्या पट्ट्यांवर, विनलिंक चालवायचं तर पुढची पायरी, जनरल, लागते. टेक्निशियनला व्हीएचएफवर, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या लहरींवर, सगळं करता येतं, आणि सपाट शहरात राहणाऱ्याला ते पुरतंही. आमच्या दरीतून व्हीएचएफचा सिग्नल डोंगर ओलांडत नाही, म्हणून मला दोन्ही परीक्षा द्याव्या लागल्या. परवाना देणाऱ्या एफसीसी या सरकारी संस्थेची फी ३५ डॉलर.

सामान असं: जुना विकत घेतलेला आयकॉम ७३०० रेडिओ, एक विंडोजचा थकलेला लॅपटॉप, लिथियम आयर्न फॉस्फेटची २० अँपिअर-अवरची बॅटरी आणि झाडावर ताणलेली तार. ७३०० मध्ये साउंड कार्ड आतच आहे, त्यामुळे मध्ये वेगळा डबा लागत नाही, एका यूएसबी केबलवर काम भागतं. विनलिंक एक्सप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. नोंदणी केली नाही तर ते अधूनमधून आठवण करतं, मी २४ डॉलर भरून टाकले. खरी ताकद व्हारा नावाच्या सॉफ्टवेअर मोडेमची, मजकुराचा आवाज आणि आवाजाचा मजकूर तोच करतो. तेही फुकट चालतं, पण वेग बांधलेला असतो. पूर्ण वेगासाठी ६९ डॉलर. पहिले दोन महिने मी फुकटच्यावर काढले आणि नुसत्या मजकुरासाठी ते पुरेसं आहे असं माझं प्रामाणिक मत झालं. याच कामासाठी पॅक्टर नावाचा खरा, डब्यातला मोडेम मिळतो, समुद्रावर शिडाच्या बोटी चालवणारे तो वर्षानुवर्षं वापरतात, पण त्याची किंमत माझ्या रेडिओहून जास्त. त्या वाटेला मी गेले नाही.

पहिले तीन आठवडे वाईट गेले, आणि जवळपास सगळ्या चुका माझ्या होत्या.

सगळ्यात मोठी चूक डायलची. गेटवेच्या यादीत प्रत्येक चॅनेलचे दोन आकडे असतात, एक सिग्नलच्या मध्याचा आणि एक रेडिओच्या डायलवर ठेवायचा. दोघांत १५०० हर्ट्झचा फरक. तेव्हा लॅपटॉपकडून रेडिओ हलवायची सोय मी लावली नव्हती, हाताने फिरवत होते, आणि मध्याचा आकडा डायलवर ठेवत होते. चार संध्याकाळी मी हाका मारत बसले. समोरून काहीच नाही. अँटेना उतरवली, केबल बदलली, शेवटी वहीत लिहिलेले आकडे यादीशी ताडून पाहिले तेव्हा उजेड पडला. दीड किलोहर्ट्झ खाली आणलं आणि पहिल्याच हाकेला उत्तर आलं. तो आवाज मी विसरणार नाही: आपली चिरचिर थांबते, अर्धा श्वास शांतता, आणि मग लांबून आलेली तशीच चिरचिर, जरा बारीक, जरा थरथरती.

दुसरी अडचण यूएसबीची. २० मीटर बँडवर (बँडची नावं लहरीच्या लांबीवरून असतात) ५० वॉट लावले की लॅपटॉप रेडिओला विसरायचा, जोडणी तुटायची, अर्धा निरोप हवेत. रेडिओची ऊर्जा उलटी फिरून केबलमध्ये शिरत होती. ३१ नंबरच्या फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कडीतून यूएसबी केबलचे सात वेढे घेतले, अँटेनाच्या केबललाही तसंच केलं. तेव्हापासून एकदाही तुटलेली नाही. आणि लॅपटॉपचे टिंगटिंग आवाज आधी बंद करा. विंडोज रेडिओच्या साउंड कार्डलाच आपला स्पीकर समजतं आणि कॅलेंडरची घंटीसुद्धा हवेत जाऊ शकते.

बँडचं गणित मात्र महिनोन् महिने वापरल्याशिवाय अंगात येत नाही. दिवसा ४० मीटरचा बँड माझा. लहर जवळजवळ सरळ वर जाते, आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून खाली येते आणि डोंगर मध्ये असूनही शंभर-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात पाऊस पडावा तशी पडते. सूर्य बुडाला, विशेषतः हिवाळ्यात, की आयनांबर विरळ होतं, सरळ वर गेलेली लहर परत येत नाही. जवळचे गेटवे गप्प होतात आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरचे बोलायला लागतात. माझी पहिली तार २० मीटर लांबीची होती, तिच्यावर ८० मीटरचा बँड चालत नव्हता आणि रात्री जवळचं कोणीच सापडत नव्हतं. ऑक्टोबरात ती काढून ४० मीटर लांबीची तार दोन रेडवुडांमध्ये बांधली. पूर्ण नऊ महिन्यांत जास्तीत जास्त फरक याच एका कामाने पडला. नवीन कोणी विचारलं तर मी सांगते, रेडिओवर पैसे कमी घाला, पण ८० मीटर चालेल एवढी तार बांधा.

आणखी एक गोष्ट फारसं कोणी आधी सांगत नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार आपोआप चालणाऱ्या रुंद सिग्नलच्या गेटवेंना ४० मीटरवर ७.१०० ते ७.१०५ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. पाच किलोहर्ट्झ. व्हाराचा नेहमीचा सिग्नल २३०० हर्ट्झ रुंद, म्हणजे शेजारी शेजारी दोनच मावतात. संध्याकाळी तिथे एसटी स्टँडची गर्दी असते. अशा वेळी ५०० हर्ट्झच्या अरुंद चालीवर यावं, ती इतर ठिकाणीही चालते. सावकाश जाते, पण जाते. आणि हाक मारण्याआधी कान देऊन ऐकायचं. सॉफ्टवेअर गर्दी ओळखतं, तरी आपले कान जास्त विश्वासाचे.

वेगाबद्दल अपेक्षा मापात ठेवा. चार ओळींचा निरोप जोडणीसकट दोन-तीन मिनिटांत जातो. जोडपत्रासह निरोपाला १२० किलोबाइटची मर्यादा आहे, आणि शॉर्टवेव्हवर तेवढं पाठवणं म्हणजे बाकीच्यांचा रस्ता अडवणं. एकदाच छतावर पडलेल्या फांदीचा फोटो १५ किलोबाइटपर्यंत लहान करून पाठवला. फॉर्मची सोय मला मनापासून आवडली. आपत्तीच्या कामात लागतात तसे छापील नमुने दोन्ही टोकांच्या संगणकात आधीच असतात, हवेतून फक्त भरलेला मजकूर जातो. आणि मराठी मी रोमन लिपीतच लिहिते. देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, रोमनला एक, आणि नेमक्या वेळी निरोपाऐवजी चौकोन उमटले तर, हा धोका मला नको.

आता जानेवारीची गोष्ट. वादळात आमच्याकडे १९ तास वीज नव्हती. नवरा सॅन होझेला अडकलेला, डोंगर ओलांडून येणारा रस्ता बंद. मोबाईलवर दांडी दिसायची पण काहीही जात नव्हतं. रात्री आठला बॅटरी जोडली, कंदील लावला, मुलगी शेजारी गोधडी गुंडाळून बसली. ४० मीटरवर माझा नेहमीचा गेटवे गप्प, हे मला माहीतच होतं. ८० मीटरवर गेले. पहिला चॅनेल व्यग्र, दुसऱ्यावर दोनदा हाक मारून उत्तर नाही, तिसऱ्यावर जोडणी लागली. ३० वॉटवर. लॅपटॉपच्या पडद्यावर बाइट मोजणारा आकडा थांबत थांबत सरकत होता आणि मुलगी तो मोठ्याने वाचत होती. चार मिनिटांत दोन निरोप गेले, एक नवऱ्याला, एक लातूरला. रात्री दहाला परत जोडणी केली तेव्हा नवऱ्याचं उत्तर आलेलं होतं. मी सकाळी वीज येईपर्यंत रेडिओ सतत चालू ठेवला नाही. नुसता ऐकत बसला तरी तो तासाला एक अँपिअर-अवरच्या आसपास खातो, म्हणून दर दोन तासांनी दहा मिनिटं.

लातूरच्या निरोपाला मात्र उत्तर आलं नाही. आणि इथेच या पूर्ण व्यवस्थेतला अवघड भाग आहे. आमच्या घरी ईमेल कोण बघतं? दादा व्हॉट्सअॅपवर, आईला फोनवर आवाज ऐकायचा असतो. माझा निरोप वहिनीच्या ईमेलमध्ये स्पॅममध्ये जाऊन पडला होता, तिला तो पाच दिवसांनी दिसला. रेडिओ, बॅटरी, आयनांबर सगळ्यांनी आपलं काम चोख केलं आणि 'आम्ही ठीक आहोत' शेवटच्या दहा सेंटिमीटरवर अडकलं. मला त्या दिवशी काका आठवले.

त्यानंतर मी दर बुधवारी वहिनीला विनलिंकवरून एक ओळ पाठवते आणि ती त्याच दिवशी उत्तर देते. तिने माझा पत्ता संपर्कात घातला आहे, निरोप आता सरळ समोर येतो. उलट दिशेचाही एक अडसर आहे: अनोळखी ईमेल विनलिंक आत घेत नाही. तुम्ही ज्याला आधी लिहिलंत तो आपोआप मान्य यादीत जातो, पण बाकीच्यांनी विषयाच्या ओळीत दोन तिरक्या रेघा आणि डब्ल्यूएल२के असं लिहावं लागतं. ते मी कागदावर लिहून मुलीच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींच्या आयांना आणि नवऱ्याच्या बहिणीला दिलं आहे. रेडिओवर मी जेवढे तास घातले तेवढेच या माणसांच्या तयारीवर घालायला हवे होते, पहिल्याच महिन्यात.

यात गुप्त काही राहत नाही, हेही लक्षात ठेवा. हॅम रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक लिहायला बंदी आहे आणि विनलिंकने इतर हॅमना हे निरोप वाचता येतील अशी सोयच ठेवली आहे. बँकेचं, दवाखान्याचं काही लिहायचं नाही. ऑफिसचं कामही नाही. नवऱ्याने त्या रात्री मॅनेजरला दोन ओळी पाठवायला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं, पोटापाण्याच्या व्यवहारासाठी हा परवानाच नाही. आणि अमेरिकेचा कॉलसाइन भारतात आपोआप चालत नाही. लातूरला जाताना रेडिओ घरीच राहतो.

पुढचं काम शेजारच्या आजींचं. त्या निवृत्त परिचारिका आहेत, रस्त्याच्या पलीकडे एकट्या राहतात, आणि सध्या टेक्निशियनच्या परीक्षेची प्रश्नपेढी घेऊन बसल्या आहेत. त्यांच्याकडे हातातला व्हीएचएफ सेट आला की गेटवेशिवाय, घरातून घरात थेट निरोप देता येईल. त्यांचा निरोप माझ्याकडे, माझ्याकडून ८० मीटरवर बाहेर. परवा त्यांनी सरावाच्या परीक्षेत ३५ पैकी २४ मिळवले. रविवारी परत बसणार आहोत.