एकट्याने क्रूझ बुक करताय? ‘गुणिले दोन’ कशाकशाला लावलंय ते आधी बघा

आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की किरकोळ रकमेसाठी एवढा संताप चाललाय. ५८,९८३ रुपये ५० पैसे. सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर, ४ रात्री, आतली बिनखिडकीची केबिन, प्रवासी एक. या सहलीत नाशिकमधल्या एका टूर एजंटने माझ्याकडून एवढे पैसे जादा काढले, आणि दर वेळी रीतसर पावती देऊन काढले. एजंटचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात दाखल केलंय. मी २२ वर्षं अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. रोज दुसऱ्यांच्या बिलातल्या चुका काढते. त्यामुळे हे लिहायला सहा महिने लागले. भावाला अजूनही खरा आकडा सांगितलेला नाही.

जाहिरात मोबाइलवर आली होती: ‘सोलो ट्रॅव्हलर स्पेशल, सिंगल सप्लिमेंट शून्य, फक्त ४६,५००’. खाली चांदणी काढून बारीक अक्षरात ‘टॅक्सेस एक्स्ट्रा’. शेजारी ‘दोनच केबिन शिल्लक’. दहा दिवसांनी बघितलं तरी दोनच शिल्लक होत्या.

ज्यांनी क्रूझ केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. जहाजाचं भाडं नेहमी माणशी छापतात, पण ते दोघं एका केबिनमध्ये राहणार असं धरून. हॉटेलसारखा खोलीचा दर नसतो. एकटं माणूस गेलं की दुसऱ्या खाटेचं भाडं बुडतं, शिवाय बार, कसिनो, सहली यांवर दुसऱ्या माणसाने जो खर्च केला असता तोही बुडतो. म्हणून कंपनी एकट्याकडून जास्त घेते, कधी दीडपट, कधी पावणेदोन, पुष्कळदा दुप्पट. हेच सिंगल सप्लिमेंट. ते घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. खास एकट्यांसाठी बांधलेल्या केबिन असतात, २०१० साली आलेल्या नॉर्वेजियन एपिक जहाजावर अशा १२८ स्टुडिओ केबिन होत्या, पण अशा केबिन मोजक्याच जहाजांवर असतात आणि सगळ्यांत आधी संपतात. त्यामुळे ‘सप्लिमेंट शून्य’ असं दिसलं की पहिला प्रश्न हा विचारा: ही केबिन एकट्याची आहे, की कुणा अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायची आहे, की कंपनीची खरोखर तशी योजना आहे? योजना असेल तर ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या तारखेला दिसायलाच हवी. मी हा प्रश्न विचारला होता. एजंटने सांगितलं, “ताई, आमचा ग्रुप कोटा असतो, म्हणजे आमच्यासाठी राखून ठेवलेल्या केबिन, तो वेबसाइटवर नाही दिसत.” मी ते मान्य केलं. ग्रुप कोटा नावाचा प्रकार खरंच असतो, म्हणूनच मान्य केलं.

पहिलं कोटेशन असं होतं. केबिन ४६,५००, मुंबई–सिंगापूर विमान जाऊन-येऊन ३१,४००, सिंगापूरचा व्हिसा त्याच्या सेवाशुल्कासह ४,२००, आधीच्या रात्रीचं हॉटेल ९,९००. एकूण ९२,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी ४,६००, मग ९६,६०० वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे एजंटने प्रवाशाकडून आधीच गोळा करायचा आयकर, ४,८३०. बेरीज १,०१,४३०. हिशेब चोख होता. ‘टॅक्सेस एक्स्ट्रा’ म्हणजे हेच दोन कर असं मी धरून चालले, आणि कुणीही तसंच धरलं असतं. १८ ऑक्टोबर २०२४ ला ५०,००० आणि ४ नोव्हेंबरला ५१,४३० भरले, दोन्ही एनईएफटीने. क्रेडिट कार्ड चालेल का विचारलं तर म्हणाला, २ टक्के जास्त पडतील. म्हणजे साधारण २,०२९ रुपये. ते वाचवायला म्हणून कार्ड वापरलं नाही. कार्डाने भरले असते तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता आली असती. एनईएफटीने गेलेला पैसा असा परत मागता येत नाही. परदेशी सहलीचे पैसे भरताना ते २ टक्के विमा समजून भरा.

२० डिसेंबरला फोन आला. जहाज १० जानेवारीला सुटणार होतं, म्हणजे बरोबर २१ दिवस आधी. हा दिवस त्याने विचार करून निवडला होता हे मला नंतर कळलं. जहाज कंपन्यांचे रद्द करण्याचे टप्पे असतात. लवकर रद्द केलं तर थोडं कापतात, सुटायची तारीख जवळ आली की जवळजवळ सगळंच जातं. विमानाचं तिकीट तर आधीच काढलेलं, तेही परत न होणारं. “सोलो कोटा भरला, आता सिंगल ऑक्युपन्सीचा फरक भरा, नाहीतर बुकिंग रद्द होईल आणि रिफंड शून्य,” असं त्याने तारीख बघून सांगितलं.

मी कॉलेज रोडच्या त्याच्या ऑफिसात गेले. आता जे लिहिते आहे त्यावर माझी अजून झोप उडते. त्याने मोठा कॅल्क्युलेटर टेबलावर माझ्याकडे वळवून ठेवला आणि बोलत बोलत बटणं दाबली. केबिनचा फरक ४६,५००. मग “पोर्ट चार्जेस आणि टॅक्स”, ११,८०० गुणिले २, २३,६००. मग “ग्रॅच्युइटी”, ६,२०० गुणिले २, १२,४००. एकूण ८२,५००. माझ्या डोळ्यांसमोर त्याने दोनदा ‘गुणिले २’ दाबलं. तिथे मी बोलायला हवं होतं. भाडं केबिनचं असतं, ते दुप्पट होऊ शकतं. पण बंदराचा आकार आणि कर माणशी असतात, जो माणूस चढतो त्याचे. ग्रॅच्युइटी, म्हणजे केबिन आणि जेवणघरातल्या लोकांची बक्षिसी, तीही माणशी दर रात्रीची. जहाजावर एक जण चढणार असेल तर या दोन्हींना दोनाने गुणायचा प्रश्नच येत नाही. वायफाय, पेयांचं पॅकेज यांचंही तसंच. हे त्या वेळी मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटता येणार नाही, कारण ‘माणशी’ हा शब्द त्याच्याच जाहिरातीत होता. पण समोर २१ दिवस, गेलेले १,०१,४३० आणि ऑफिसात मंजूर झालेली रजा. माणूस अशा वेळी गुणाकार तपासत नाही, रक्कम कुठून उभी करायची ते बघतो. ८२,५०० वर जीएसटी ४,१२५ आणि टीसीएस ४,३३१ धरून ९०,९५६ रुपये मी त्याच दिवशी भरले.

त्याने दुसऱ्या दिवशी कन्फर्मेशनची पीडीएफ पाठवली. त्याच्याच लेटरहेडवर. त्यात ‘गेस्ट १’ पुढे माझं नाव आणि ‘गेस्ट २’ पुढे ‘टीबीए’, म्हणजे नंतर कळवू. मी ती मोबाइलवर उघडली, छापील नमुना असेल म्हणून बंद केली. बुकिंग क्रमांक म्हणून जो होता तो एजन्सीच्या नावाची तीन अक्षरं आणि पुढे चार आकडे. जहाज कंपनीचा क्रमांक मागितला तर “तिकीट दोन दिवस आधी येतं”. हे धादांत खोटं आहे. बुकिंग झालं त्याच दिवशी कंपनीचा क्रमांक तयार होतो. तो आणि आडनाव कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर टाकलं की प्रवासी किती आणि तारीख कुठली हे दिसतं, बाकी किती तेही बहुतेक ठिकाणी कळतं. हा क्रमांक हातात आल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. एजंट कितीही ओळखीचा असो.

सिंगापूरला मरीना बे क्रूझ सेंटरवर काउंटरच्या मुलीने विचारलं, एकट्याच ना? तिच्या पडद्यावर प्रवासी एकच होता. तिथे मला पहिल्यांदा खटकलं. शेवटच्या रात्री जहाजाच्या खात्यावर ग्रॅच्युइटी लागलेली दिसली, रात्रीला २२ प्रमाणे ८८ सिंगापूर डॉलर. मी म्हटलं, ही तर आधीच भरली आहे. नाही, म्हणाले, काहीच भरलेलं नाही. मग मी स्वागतकक्षात उभी राहून माझ्या बुकिंगचं कंपनीचं इन्व्हॉइस छापून मागितलं. एका पानाचं निघालं. प्रवासी १. भाडं दीडपट, रुपयांत ६९,७५०. बंदर आकार आणि कर ११,८००. एकूण ८१,५५०. ग्रॅच्युइटीच्या ओळीत शून्य.

आता ताडून बघा. केबिन, बंदर आणि ग्रॅच्युइटी या तिन्हीपोटी त्याने घेतले १,२९,०००. कंपनीकडे गेले ८१,५५०. फरक ४७,४५०, आणि त्या फरकावर माझ्याकडून घेतलेला जीएसटी २,३७२ रुपये ५० पैसे. रात्रीच्या हिशेबात सांगायचं तर जाहिरातीत ११,६२५, खरा दर २०,३८७ रुपये ५० पैसे, आणि मी मोजले ३२,२५०. पहिल्याच दिवशी त्याने खरा दर सांगितला असता तर मी कदाचित गेलेही असते. एजंटने स्वतःचा नफा ठेवावा, त्याला कोण नाही म्हणतं? पण ‘बंदराचा कर’ म्हणून घेतलेले ११,८०० कुठल्याच बंदरात गेले नाहीत.

काही एजंट आणखी एक प्रकार करतात, तोही सांगून ठेवते. दुसऱ्या प्रवाशाचं खोटं नाव घालून दोघांचं बुकिंग करतात आणि तो आलाच नाही असं दाखवतात. तशा वेळी न चढलेल्या माणसाचा बंदर कर कंपनी सहसा परत करते. तो एजंटच्या खात्यात जमा होतो आणि प्रवाशाला पत्ताही लागत नाही. तुमच्या बुकिंगवर दुसरं नाव असेल तर हा परतावा लेखी मागा.

यानंतर टीसीएस. तो भुर्दंड नसतो, आपल्या पॅनवर जमा होणारा आयकर असतो, रिटर्न भरताना परत मिळतो किंवा वळता होतो. मी भरले तेव्हा परदेशी सहलीच्या पॅकेजवर ७ लाखांपर्यंत ५ टक्के दर होता. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीसीएसचं विवरण एजंटने १५ जानेवारीपर्यंत भरायचं होतं आणि त्यानंतर १५ दिवसांत फॉर्म २७डी, म्हणजे टीसीएसचं प्रमाणपत्र, द्यायचं होतं. मी रिटर्न भरायला २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारं आयकर खात्याचं विवरण, उघडलं तर माझे ९,१६१ रुपये कुठेच नाहीत. वरच्या ४७,४५० आणि २,३७२ रुपये ५० पैशांत हे मिळवले की सुरुवातीचा ५८,९८३ रुपये ५० पैसे हा आकडा येतो. फॉर्म २७डी मागितला तर “सीएकडे आहे”. आजही सीएकडेच आहे. परदेशी सहल करून आलेल्या प्रत्येकाने आज २६एएस उघडून बघावं. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि मग सरकारी उंबरठे. एका पोलीस ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. मी पीडीएफ आणि जहाजाचं इन्व्हॉइस शेजारी शेजारी ठेवलं, एकावर दोन प्रवासी, एकावर एक. त्यांनी वाचलंसुद्धा नाही. शेजारचा एक जण म्हणाला, “मॅडम, एकट्या बाईने जहाजावर जायचं कशाला?” माझ्या तक्रारीत हा मुद्दा कुठे होता? दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, तुम्ही ऑफिसात जाऊन पैसे दिले, म्हणजे ही ऑनलाइन फसवणूक नाही. जाहिरात ऑनलाइन, पैसे ऑनलाइन, बनावट कागद ऑनलाइन, पण मी कॉलेज रोडला गेले म्हणून ती ऑफलाइन झाली! तिसरीकडे अर्ज घेतला, शिक्का दिला नाही. पुन्हा गेले तर साहेब कुंभमेळ्याच्या बैठकीत. तिसऱ्यांदा गेले तर झेरॉक्सवर स्वाक्षरी नाही म्हणून अर्ज परत. चार अर्ध्या रजा गेल्या. लुबाडणाऱ्याने निदान खुर्ची दिली होती. इथे माझ्याच पैशांबद्दल मला खुलासे द्यावे लागले.

पोलीस ठाण्यात ‘दिवाणी’ ऐकून परत फिरू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ (४) प्रमाणे लेखी माहिती टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते. पोच जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद करा, तो क्रमांक पुढे कामाला येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, समोरचा मुंबईचा असो वा दिल्लीचा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. थेंबाथेंबाने किंमत वाढवत नेणं आणि ‘दोनच शिल्लक’ची खोटी घाई या दोन्ही गोष्टी ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, यांविरुद्धच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निषिद्ध आहेत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. माझ्याकडे होता म्हणून तक्रारीला आधार मिळाला.

तक्रारीला मी सात कागद जोडले. सगळ्यांत वर ते जहाजावरचं एक पान आहे, प्रवासी १ असं छापलेलं. एजंटचा त्यानंतर एकच फोन आला, “ताई, १५,००० देतो, मिटवून टाका.” मी त्याला ५८,९८३ रुपये ५० पैसे हा आकडा सांगितला आणि फोन ठेवला.