आवळा देऊन कोहळा, तोही उघड: रुग्णनिधीच्या अदलाबदलीसाठी ओएलएक्स, मार्केटप्लेस की गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप?

व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर बेड अशा वस्तू अनामत घेऊन रुग्णाच्या घरी पोचवणाऱ्या केंद्राला पैसा लागतो तो नव्या खरेदीसाठी आणि दुरुस्तीसाठी. दुरुस्तीचा खर्च कुणाच्या नजरेत भरत नाही. पावतीपुस्तक घेऊन बेळगावच्या खडेबाजारात फिरायचं म्हटलं, तर गणपतीची वर्गणी, शिवजयंतीचा चित्ररथ आणि कुठल्यातरी देवळाचा जीर्णोद्धार आधीच रांगेत उभे असतात. अशा वेळी अदलाबदलीची साखळी कामाला येते. किरकोळ वस्तू द्यायची, थोडी जास्त मोलाची घ्यायची, ती देऊन पुढची घ्यायची आणि शेवटची वस्तू विकून रक्कम केंद्राच्या खात्यात भरायची.

या प्रकाराचं जगभर गाजलेलं उदाहरण मॉन्ट्रियलच्या काइल मॅकडोनाल्डचं. जुलै २००५ मध्ये लाल पेपरक्लिपपासून सुरुवात करून १४ अदलाबदलींनंतर, जुलै २००६ मध्ये, त्याला कॅनडातल्याच किपलिंग गावात दुमजली घर मिळालं. मधली एक पायरी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. गायक अॅलिस कूपरसोबत एक दुपार घालवण्याची संधी त्याच्या हातात होती. ती देऊन त्याने घेतला काय, तर एक विजेवर चालणारा स्नो ग्लोब. लोकांनी वेड्यात काढलं. पण कॉर्बिन बर्नसन या अभिनेत्याला स्नो ग्लोब जमवण्याचा नाद होता. त्याने त्या ग्लोबच्या बदल्यात चित्रपटातली भूमिका देऊ केली आणि त्या भूमिकेसाठी किपलिंग गावाने घर दिलं. वस्तूची किंमत बाजार ठरवतो, साखळी मात्र पुढे सरकते ती ज्याला ती वस्तू हवीच आहे असा माणूस सापडला की. आपल्याकडच्या बोहारणीला हे कुणी शिकवावं लागत नाही. जरीच्या साडीवर पातेलं द्यायचं की नुसती वाटी, हे ठरवताना ती साडी पुढे कुठे जाणार हे तिच्या डोक्यात पक्कं असतं.

हिशेब सोपा दिसतो. १० रुपयांच्या वस्तूची किंमत दर पायरीला दुप्पट झाली, तर दहाव्या पायरीला १०,२४० आणि चौदाव्या पायरीला १,६३,८४० रुपये. कागदावर. प्रत्यक्षात पहिल्या पाच-सहा पायऱ्या भराभर होतात, कारण पन्नास-शंभर रुपयांचा फरक लोक कौतुकाने सोडतात. पाच हजारांच्या आसपास आलं की समोरचा कॅल्क्युलेटर काढतो. तिथून पुढे जागा कुठली निवडली यावर सगळं ठरतं.

ओएलएक्स: भाव बघायला चांगलं, अदलाबदलीला नाही

इथे माणूस रोख पैसे देऊन स्वस्तात घ्यायला येतो. अदलाबदलीसाठी वेगळा रकाना नाही, त्यामुळे "बदल्यात काय?" असं लिहिलेली जाहिरात लोक वाचतच नाहीत आणि थेट "लास्ट किती?" विचारतात. जुनी शिलाई मशीन, सायकल, इन्व्हर्टर बॅटरी यांचे भाव बघायला मात्र याच्याइतकी सोय दुसरी नाही. एक पथ्य पाळायचं. तिथे दिसतो तो मागितलेला भाव, सौदा त्याच्या खाली होतो. एकाच मॉडेलच्या पाच-सहा जाहिराती बघायच्या, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडायची, उरलेल्यांच्या सरासरीतून थोडं कमी करायचं. आलेला आकडा वहीत लिहायचा. साखळी खरंच चढते आहे की नुसती फिरते आहे, हे त्यावरूनच कळतं.

फसवणुकीचा एक प्रकार बेळगावकरांनी जास्त ध्यानात ठेवावा, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथे आहे आणि वर्दीवर आपला लगेच विश्वास बसतो. फोन येतो, "मी फौजी आहे, बदली झाली आहे." मागोमाग ओळखपत्राचा फोटो आणि "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, मीटिंग भरवत बसायचं नाही. दहापैकी गुण द्यायचे तर भावासाठी आठ, साखळीसाठी तीन.

फेसबुक मार्केटप्लेस

मधल्या पायऱ्यांना ठीक. देणाऱ्याची प्रोफाइल दिसते आणि ओळखीतला कुणीतरी निघतोच. खरं नियम कडक आहेत. विकायला वस्तू नसताना नुसती "अमुक हवं आहे" अशी जाहिरात चालत नाही. प्राणी आणि औषधंही चालत नाहीत, त्यामुळे चिकोडीकडून कुणी शेळी देऊ केली तर ती इथे पुढे सरकवता येत नाही. रुग्णसाहित्याची जाहिरातही काढली जाऊ शकते. शीर्षक रोमन अक्षरांत द्यावं, कारण शोधताना बहुतेक जण तसंच टाइप करतात, आणि खाली मराठी व कन्नड दोन्हींत मजकूर द्यावा. गोकाक-बैलहोंगलचा माणूस नुसती मराठी जाहिरात बघून पुढे जातो, आणि आपलं गिऱ्हाईक अर्धं होतं. गुण सहा.

गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप

साखळी इथेच चालते, पण ग्रुप नीट बांधला तरच. एका ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात. पोस्ट फक्त अॅडमिनला टाकता येईल अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करावी, नाहीतर शुभ सकाळच्या फुलांखाली वस्तू गाडली जाते. उत्तरं खासगी नंबरवर घ्यावीत. त्यामागे कारण आहे. चार लोकांसमोर आलेली ऑफर नाकारली तर देणारा दुखावतो, आणि पहिली ऑफर सगळ्यांना दिसली की पुढचे तिच्याच आसपास घुटमळतात. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नये. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि निरोप पोचतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. वर्गणीदारांची जुनी यादी टाकून "कुणी उत्तरच देत नाही" म्हणणाऱ्यांचा घोटाळा बहुधा इथेच असतो.

फोटो चार लागतात. उजेडात समोरून एक, कंपनीच्या पट्टीचा एक, शेजारी चहाचा कप ठेवून आकार दाखवणारा एक आणि चौथा दोषाचा, जिथे पोपडा किंवा चरा असेल तिथे जवळून. दोष लपवला तर वस्तू परत येते आणि तिच्यामागून मागच्या तीन पायऱ्यांची चर्चा सुरू होते. पाठवताना एचडी निवडावं. मजकूर इतकाच पुरतो:

"नमस्कार. रुग्णसाहित्यासाठी अदलाबदल, पायरी ५. आमच्याकडे वडगावच्या मागावरची साडी आहे, नवी, ब्लाउज पीससह. बदल्यात याहून थोडं जास्त मोलाचं काहीही चालेल, वस्तू किंवा काम. पैसे नकोत. बुधवारी रात्री ९ पर्यंत कळवा, गुरुवारी ठरवू."

यातले "पैसे नकोत" आणि "बुधवारी ९" हे दोन तुकडे काढले तर बाकीचा मजकूर निकामी. मध्येच रोख घेतली की साखळी तुटते आणि वहीत वस्तू व पैसा एकमेकांत मिसळतात. मुदत नसेल तर सगळे "बघतो की" म्हणतात. आपल्याकडे "बघतो की" म्हणजे नाही, हे बेळगावात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. गुण साडेआठ. दीड गुण कापला तो उत्साह तिसऱ्या आठवड्यात ओसरतो म्हणून, आणि तेव्हा रोज पोस्ट टाकून तो परत येत नाही, उलट लोक ग्रुप म्यूट करतात.

काय घ्यावं, काय टाळावं

साडी उत्तम, कारण तिला माप नसतं. अथणीची चप्पल दिसायला देखणी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत, त्यामुळे सांगायला गोष्टही आहे. खरं नऊ नंबरची चप्पल नऊ नंबरच्याच पायाला लागणार. दुकानदाराकडून जोडाऐवजी "मापाप्रमाणे एक जोड" अशी चिठ्ठी घेतली तर अडचण सुटते. कुंदा ही मिठाई साखळीत घेऊ नये, ती टिकत नाही. अडलेला सौदा मिटवायला वर पाव किलो कुंदा ठेवला तर मात्र चमत्कार होतो.

दिवाळीत आपली पोरं अंगणात किल्ले करतात, तेव्हा मातीच्या मावळ्यांचा मोठा संच वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात भलतं काही मिळवून देतो. भाऊबीजेनंतर तोच संच माळ्यावर जातो. हंगामी वस्तू घेतली तर ती त्याच हंगामात पुढे गेली पाहिजे.

सगळ्यात चांगला माल म्हणजे काम. चातुर्मासात लग्नाचे फोटोग्राफर, केटरर, मंगल कार्यालयं यांच्याकडे रिकामे दिवस असतात. त्यांना तो दिवस देताना फारसा खर्च येत नाही, घेणाऱ्याला मात्र तो पूर्ण किमतीचा असतो. उद्यमबागेतल्या लेथवरचे चार तास, ट्रॅक्टरची एका एकराची नांगरट, शिंप्याकडचे पाच ब्लाउज, हे सगळं याच जातीचं. पण तोंडी घेऊ नये. काय देणार, किती, कुठल्या तारखेपर्यंत, मुहूर्ताच्या तिथी वगळून का, चिठ्ठी दुसऱ्याच्या नावे करता येईल का, हे लिहून सही घ्यावी. नावे करण्याचा मुद्दा राहून गेला की साखळी त्या चिठ्ठीपाशीच थांबते.

मोबाइल आला तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, काढावा आणि रोमन अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करावा. ब्लॉक केलेला हँडसेट असेल तर तिथेच कळतं. गाडीच्या बाबतीत नंबर प्लेट आधी बघावी. बेळगाव-चिकोडीची केए २२ किंवा केए २३ असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर नाव फिरतं. चंदगड-कागलकडची एमएच ०९ स्वस्त दिसते, पण ती कायमची इकडे ठेवणाऱ्याला फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला), कर्नाटकाचा रस्ता कर आणि नवी नोंदणी हे सगळं ओघाने येतं. तो खर्च कुणी धरत नाही आणि गाडी केंद्राच्या दारात उन्हात उभी राहते. त्यापेक्षा ती पुन्हा महाराष्ट्रातल्याच माणसाला द्यावी.

वाहतुकीचा खर्च साखळीतून काढू नये, त्याचा डबा वेगळा. कमिटीतल्या वैनी आणि अक्का निघणार असतील तर महिलांच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळे कर्नाटकाच्या साध्या बसने खानापूर-निपाणीला तिकीट लागत नाही. कोल्हापूरच्या बसला ही सवलत नाही.

वहीला सात रकाने हवेत: तारीख, दिलेली वस्तू, आलेली वस्तू, कुणाकडून, बाजारभाव, फोटोचा क्रमांक, दोन सह्या. साखळी चालू असेपर्यंत कमिटीतल्या कुणी स्वतःसाठी अदलाबदल करू नये, किंमत वाजवी असली तरी. आवळा देऊन कोहळा काढला असं लोक म्हणणारच, तेव्हा तो उघड्यावर काढलेला दिसला पाहिजे.

शेवटची पायरी

इथे हमखास कुणीतरी सुचवतं, "शंभर रुपयांची कुपनं काढून लकी ड्रॉ करू." करू नये. पैसे घेऊन चिठ्ठीवर बक्षीस देणं ही लॉटरी झाली. कर्नाटकात २००७ पासून लॉटरीवर बंदी आहे आणि निधी चांगल्या कामाचा आहे म्हणून सूट मिळत नाही. जाहीर लिलाव करावा. बोलीची किमान रक्कम वहीतल्या बाजारभावाच्या थोडी खाली ठेवली तर सुरुवात जोरात होते.

करसवलतीबद्दल आधीच स्पष्ट बोलावं. वस्तूरूपाने दिलेल्या देणगीला ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, लागू होत नाही, आणि लिलावात वस्तू घेणाऱ्याने मोजलेली रक्कम ही देणगी नसून त्या वस्तूची किंमत असते. "पावतीवर ८०जी मारून द्या" या आग्रहाला बळी पडलं तर केंद्राची नोंदणीच अडचणीत येते. निव्वळ देणगी देणाऱ्यालाही २,००० रुपयांवर रोख दिल्यास सवलत नाही. परदेशातल्या नातेवाइकांच्या बाबतीत पासपोर्ट विचारावा. मस्कतला नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याचे पैसे चालतात. अमेरिकन पासपोर्ट असेल तर एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, भारतीय वंशाचं ओसीआय कार्ड असलं तरी.

पैसे थेट केंद्राच्या खात्यावर यावेत, खजिनदाराच्या यूपीआयवर नाही. कुठल्यातरी फसवणुकीतली रक्कम फिरत फिरत आली तर बँक खातं गोठवते, आणि मग खजिनदाराच्या घरचा किराणाही अडतो. लिलावाच्या जागी केंद्राच्या खात्याचा क्यूआर छापून लावावा, बोली संपताच रक्कम घ्यावी आणि पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आल्याशिवाय वस्तू हलवू नये. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याचा नंबर आणि त्याने लावलेला आकडा त्याच वहीत टिपून ठेवावा, पहिल्याने "उद्या देतो" म्हटलं तर लगेच त्याला फोन लावता येतो.