‘गे ख्रिश्चन’ की ‘समलिंगी आकर्षण असलेला’?

अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (बायबलला प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) चर्चमधली ही गंमत बघा: पुरुषांचंच आकर्षण वाटणारे दोन पुरुष, समलिंगी संबंध पाप मानून दोघेही आजन्म ब्रह्मचारी राहणारे, भांडण फक्त शब्दावरून. पहिला उघड म्हणतो, ‘मी गे ख्रिश्चन.’ दुसऱ्याला ते चालत नाही; तो स्वतःला फक्त ‘समलिंगी आकर्षण असलेला’ म्हणवतो. ओळख फक्त ख्रिस्तात, आकर्षण म्हणजे झुंजायचा मोह.

इव्हँजेलिकल नेत्यांनी लैंगिकतेवर काढलेल्या २०१७ च्या नॅशव्हिल निवेदनाने दुसऱ्याची री ओढली. २०१८ मध्ये सेंट लुईसच्या एका चर्चमध्ये अशा ब्रह्मचारी गे ख्रिश्चनांसाठी रिव्हॉइस परिषद भरली, तिथे पहिल्याला व्यासपीठ मिळालं. गदारोळ इतका, की यजमान चर्च २०२२ मध्ये आपल्या प्रेस्बिटेरियन संप्रदायातूनच बाहेर पडलं.

मला पहिला शब्द सरळ वाटतो, दुसरा केसपेपरवरचा. पण रविवारी उपासना सुटल्यावर जोडपी जेवायला घरी निघतात, तेव्हा हे दोघंही खिशातली किल्ली चाचपत मागे रेंगाळतात.