बातमी पाठवणारे नागरिक की सभेला बसणारे नागरिक?

स्थानिक बातम्यांचे काम पत्रकार आणि नागरिकांनी मिळून करायचे, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत चटकन होते. अडते ते नागरिकांकडून नेमके काय मागायचे यावर. एक रीत अशी की ज्याला जे दिसेल ते त्याने लिहून पाठवावे आणि संपादकांनी त्यातून निवड करावी. दुसरी अशी की मोजक्या नागरिकांना प्रशिक्षण आणि मानधन देऊन सार्वजनिक सभांना बसवावे आणि त्यांची टिपणे तपासून प्रसिद्ध करावीत. आमच्या छोट्या संपादकीय गटाने दोन्ही रीती वापरून पाहिल्या आहेत. माझे मत त्या अनुभवापुरतेच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या रीतीमागे मोठा इतिहास आहे. दक्षिण कोरियात ओ यॉन-हो यांनी २००० साली ‘ओमायन्यूज’ सुरू केले तेव्हा त्यांच्याबरोबर ७२७ नागरिक वार्ताहर होते, आणि दोनच वर्षांनी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात या संकेतस्थळाचा दबदबा देशभर जाणवला. अनुकरण करणारे मात्र नागरिकांचा आकडा तेवढा लक्षात ठेवतात आणि आलेला मजकूर तपासणारे तिथले पगारी संपादक विसरतात. तपासणी नसली की काय होते ते २००८ च्या ऑक्टोबरमध्ये दिसले: सीएनएनच्या ‘आयरिपोर्ट’ या नागरिकांसाठी खुल्या असलेल्या व्यासपीठावर स्टीव्ह जॉब्स यांना हृदयविकाराचा झटका आल्याची खोटी बातमी झळकली आणि ॲपलचा शेअर काही काळ गडगडला. तरीही वेग आणि आवाका या दोन बाबतींत या रीतीला तोड नाही. मध्यरात्री जलवाहिनी फुटली तर ती आधी दिसते त्या गल्लीत राहणाऱ्याला, वार्ताहराला नव्हे.

आमचे घोडे अडले ते तारखेपाशी. ‘उद्या पाणीपुरवठा बंद राहील’ एवढ्याच ओळीचा मजकूर येतो. तो आज लिहिला आहे की गेल्या आठवड्यात, हे त्यात कुठेच नसते, आणि असा संदेश लोकांच्या फोनवर फिरत राहतो तोवर पाणी रोजच ‘उद्या’ बंद होणार असते. पाठवणाऱ्याला फोन करावा तर तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘मला ग्रुपवर आले, म्हटले तुमच्या उपयोगी पडेल.’ त्याचा हेतू चांगलाच असतो, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही. मग मूळ सूचना शोधायची, संबंधित खात्यात कोणी फोन उचलतो का पाहायचे, आणि बहुतेक वेळा शेवटी मजकूर बाजूला ठेवायचा. खोडसाळ मजकूर एकवेळ चटकन ओळखू येतो. हा अर्धवट, सद्भावनेने पाठवलेला मजकूर संध्याकाळच्या संध्याकाळी खातो. आमच्या उपसंपादकांचा बराचसा वेळ न छापलेल्या बातम्यांवर जाऊ लागला, तेव्हा माझे मन दुसऱ्या रीतीकडे वळले.

त्या रीतीचे ठळक उदाहरण म्हणजे शिकागोतील ‘सिटी ब्युरो’ या संस्थेचा ‘डॉक्युमेंटर्स’ हा उपक्रम, जो पुढे डेट्रॉइट, क्लीव्हलँड अशा शहरांतही गेला. तिथे नागरिक मोबदला घेऊन सार्वजनिक सभांना बसतात आणि त्यांची नोंद संपादकांच्या नजरेखालून गेल्यावर सर्वांसाठी खुली होते. आम्ही त्याची लहानशी नक्कल केली. टिपणाच्या माथ्यावर तारीख, ठिकाण, सभा सुरू झाल्याची वेळ आणि उपस्थितांची नावे. खाली प्रत्येक विषयावर कोण काय बोलले. आणि शेवटी टिपण घेणाऱ्याला न कळलेल्या गोष्टी. हा शेवटचा रकाना आमच्या वार्ताहरांना सर्वांत उपयोगी पडतो. एका टिपणात ‘विषय क्रमांक ७ वाचून दाखवला नाही, थेट मंजूर’ एवढीच नोंद होती. त्याच सभेचे अधिकृत इतिवृत्त हाती आले तेव्हा त्यात ‘चर्चेअंती मंजूर’ असे लिहिलेले होते. बातमी त्या दोन ओळींच्या मध्ये होती, आणि ती आमच्यापैकी कोणाला नुसत्या इतिवृत्तावरून कधीच दिसली नसती.

या रीतीतही दोष आहेत. ती संथ आहे, मानधनाचा खर्च सतत चालू राहतो, आणि बरेच निर्णय सभेच्या आधीच बाहेर ठरून आलेले असतात, त्यांचा माग टिपणातून लागत नाही. मानधन नसेल तर केवळ सवड असलेले लोकच येतात आणि तेवढ्यांच्याच नजरेतून गाव दिसू लागते. शिवाय आपत्तीच्या वेळी सभेची वाट पाहता येत नाही. २००८ च्या सुरुवातीला केनियात निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला तेव्हा ‘उशाहिदी’ या संकेतस्थळाने लोकांनी कळवलेल्या घटना नकाशावर मांडल्या, ते काम पहिल्याच रीतीचे. वाचकांना प्रश्न विचारायला सांगून त्यांवर बातम्या करण्याची तिसरी वाटही आहे, पण तिच्यात शोध घेण्याचा सगळा भार पुन्हा पत्रकारांवरच येतो.

तुमच्याकडे रात्री उशिरापर्यंत पडताळणी करणारे एक तरी माणूस असेल, तर खुली रीत कदाचित तुम्हाला अधिक फळेल. तसे नसेल तर मी सभांच्या बाजूने कौल देईन. आम्ही बाहेरून येणारा मजकूर अजूनही घेतो, मात्र तारीख, ठिकाण, ‘स्वतः पाहिले की ऐकले’ आणि संपर्क क्रमांक हे चार रकाने भरल्याशिवाय तो पाठवताच येत नाही. सभांच्या बाबतीत सगळ्या समित्या एकदम धरू नयेत. जिच्या हाती पाणी आणि रस्त्यांचा पैसा आहे ती एकच समिती निवडावी, आणि निधी कमी पडला तर सभांची संख्या घटवावी, मानधनाला हात लावू नये.