स्वतःचं छप्पर की ग्रुप कॅप्टिव्ह? नाशिकच्या कारखान्यांसाठी सौर विजेचा हिशोब

अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखानदारांचा पहिला प्रश्न ठरलेला: अनुदान किती? पीएम सूर्यघरचं अनुदान घरांसाठी आहे, कारखान्यांसाठी नाही. उद्योगाचा खरा फायदा आयकरातला घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट) आणि वीजबिलातल्या अधिभाराची माफी यांत आहे. यातलं काय तुमच्या पदरात पडतं, ते पाहूनच पर्याय निवडा.

स्वतःच्या छपरावर पॅनल लावले तर मालक तुम्हीच. घटत्या मूल्यावर वर्षाला 40 टक्के घसारा तुमच्याच नफ्यातून वजा होतो. (पहिल्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला, तर निम्माच.) 22 टक्के कराचा पर्याय घेतलेल्या कंपनीलाही हा घसारा मिळतो. वीज जागेवरच वापरली जाते, त्यामुळे तेवढ्या युनिटवर वहन आकार (वीज तारांवरून आणण्याचं शुल्क) नाही. अडचण जागेची. फोर्जिंग किंवा हीट ट्रीटमेंटची तीन पाळ्यांची भूक छपराने भागत नाही, आणि शेड भाड्याचा असेल तर हा पर्याय जवळपास बाद.

ग्रुप कॅप्टिव्हमध्ये काही कारखाने मिळून स्वतःच्या वापरासाठी दूरच्या प्रकल्पात भागीदार होतात. विद्युत नियम 2005 प्रमाणे वापरकर्त्यांकडे किमान 26 टक्के मालकी हवी आणि वर्षाच्या निर्मितीपैकी किमान 51 टक्के वीज त्यांनी वापरायला हवी. मग क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेची भरपाई म्हणून उद्योगांकडून घेतली जाणारी रक्कम) लागत नाही. अतिरिक्त अधिभारही (वीज कंपनीच्या स्थिर खर्चापोटीचा) लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये महावितरणच्याच प्रकरणात स्पष्ट केलं. वहन आकार आणि वाटेतली गळती मात्र भरावीच लागते. घसारा प्रकल्प कंपनीच्या वहीत जातो, तुमच्या नाही. दर ठरवताना हे विसरू नका.

खरी मेख प्रमाणात आहे: प्रत्येक भागीदाराने आपल्या वाट्याच्या प्रमाणात वीज वापरायला हवी. समजा प्रकल्पाने वर्षाला एक कोटी युनिट दिले आणि वापरकर्त्यांच्या भागभांडवलात निम्मा वाटा तुमचा आहे. किमान 51 लाखांतले 25.5 लाख युनिट तुम्ही उचलायचे; नियमातली 10 टक्के कमी-जास्तीची सवलत धरली तरी 22.95 लाख. गटाची अट मोडली तर त्या वर्षाची कोणतीच वीज कॅप्टिव्ह धरली जात नाही आणि माफ झालेला अधिभार मागे लागतो. म्हणजे शेजारच्या भागीदाराच्या ऑर्डरी आटल्या, तर झळ तुम्हालाही बसते. हिशोब वार्षिक असल्याने दिंडोरीच्या द्राक्ष पॅकहाउससारख्या हंगामी वापरालाही वाव आहे, पण वर्षाचा एकूण आकडा भरोशाचा हवा.

भांडवल न घालता हरित ओपन ॲक्सेसने, म्हणजे महावितरणच्या तारांवरून दुसऱ्या उत्पादकाकडून, वीज विकतही घेता येते. 2022 च्या नियमांनी त्यासाठीची मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली. पण क्रॉस सबसिडी अधिभार लागतो, आणि बचतीचा बराच भाग तिथेच जातो.

माझं मत स्पष्ट आहे. शेड स्वतःचा असेल तर आधी छप्पर भरा. उरलेला भार मोठा आणि बारमाही असेल तरच गटात जा. ऑर्डरीप्रमाणे वर-खाली होणाऱ्या प्रेस शॉपने गटाच्या वाटेला जाऊ नये. जाणारच असाल तर सही करण्याआधी भागधारकांच्या करारातलं एक कलम सीएकडून तपासून घ्या: एखादा सदस्य कमी पडला, तर अधिभार कोण भरणार आणि त्याचे शेअर किती दिवसांत दुसऱ्याला देता येतील?